ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी मॉनिटरकडे बघा

"मामा, खोक्यावरचं नाव एकच आहे, पैसे मात्र वेगळे. फसवतायत का?"

भाच्याने दोन फोटो पाठवले होते. दोन्ही खोक्यांवर एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाचं एकच नाव, 'आरटीएक्स ५०६० टीआय'. एकाच्या कोपऱ्यात ८ जीबी, दुसऱ्याच्या कोपऱ्यात १६ जीबी. वर्षभर पैसे साठवून तो आपला पहिला गेमिंग कॉम्प्युटर जुळवायला निघाला होता आणि घोडं नेमकं इथे पेंड खात होतं. फसवणूक नव्हती. पण शंका अगदी योग्य जागी आली होती, कारण कमी बजेटच्या ग्राफिक्स कार्डांत सगळा खेळ त्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांचाच असतो.

त्यात वेळही अवघड. २०२५च्या उत्तरार्धात मेमरीच्या चिप झपाट्याने महागल्या. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे, ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत आणि नफा जिकडे जास्त तिकडे माल आधी जातो. डिसेंबर २०२५मध्ये तर त्यांतल्याच एका कंपनीने, मायक्रॉनने, 'क्रुशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला व्यवसायच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच असते. तेव्हा कोपऱ्यातला तो आकडा आता खिशालाही जास्त लागतो.

## कार्ड नेमकं करतं काय?

कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे एक कसलेला चित्रकार समजा. अवघडातलं अवघड काम द्या, तो करेल, पण एका वेळी थोडंच. ग्राफिक्स कार्डातली चिप म्हणजे रंगाचे ब्रश घेऊन बसलेली दोन-चार हजार पोरं. एकेकटं पोरगं फार हुशार नाही. पण भिंतभर चौकोन आखून "तू हा रंगव, तू तो" असं सांगितलं, तर भिंत क्षणात रंगते.

ती भिंत म्हणजे तुमचा स्क्रीन. १०८०पी स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० असे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. ते सगळे रंगले की एक चित्र पुरं झालं. या एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि सेकंदाला किती फ्रेम तयार होतात तो आकडा म्हणजे एफपीएस. ६० एफपीएस हवे असतील तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सावल्या, धूर, पाण्यातलं प्रतिबिंब, शत्रूच्या जॅकेटवरची शिवण, सगळं उरकायचं आणि लगेच पुढची भिंत.

## मग सुरुवात मॉनिटरपासून का?

कारण भिंत केवढी आहे हे ठाऊक नसताना रंगारी किती लागतील हे कोण सांगणार? १४४०पी स्क्रीनवर सुमारे ३६ लाख ८६ हजार ठिपके असतात, म्हणजे १०८०पीच्या पावणेदोन पटींहून थोडे जास्तच. फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. '१०८०'चं '१४४०' झालं म्हणजे काम तिसऱ्या हिश्शाने वाढलं, असा समज करून कार्ड घेणारे पुष्कळ. ठिपके लांबी आणि रुंदी दोन्हीकडे वाढतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरा आकडा हर्ट्झचा. मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, तो हा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला कार्डाने १४० फ्रेम पुरवल्या तरी तुम्हाला सेकंदाला ६० चित्रंच दिसतात. बटण दाबल्यावरचा प्रतिसाद किंचित सुधारतो हे खरं, पण त्यासाठी दीडपट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

माझ्या मते कमी बजेटमध्ये १०८०पी आणि १२० ते १६५ हर्ट्झ हे सगळ्यात समाधानाचं जमतं. १४४०पीची हौस असेल तर कार्डासाठी आणखी एक पायरी चढायची तयारी ठेवा. फोर-के या बजेटमध्ये नाहीच.

तिसरी गोष्ट कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते, ती म्हणजे तुम्ही खेळता काय. चार मित्र मिळून ऑनलाइन शूटिंगचे गेम खेळणार असाल तर ते गेम मुद्दाम हलके ठेवलेले असतात. कथेचे, मोठमोठ्या नकाशांचे, दर वर्षी नवे येणारे गेम खेळणार असाल तर गणित पार बदलतं. आणि ते बदलतं मुख्यतः मेमरीमुळे.

## व्हीआरॅम: टेबल केवढं आहे?

कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे व्हीआरॅम. रंगवायला बसलेल्या पोरांसमोरचं टेबल म्हणा. भिंतीची नक्षी, झाडांची सालं, चेहऱ्यांच्या कातड्या, असे सगळे नमुने या टेबलावर मांडलेले असतात. हात पुढे केला की मिळतात. टेबल भरलं की जास्तीचे नमुने शेजारच्या खोलीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातात आणि दर वेळी उठून आणावे लागतात.

हे उठून आणणं किती महाग पडतं? आरटीएक्स ४०६० या कार्डाची चिप आपल्या मेमरीशी सेकंदाला २७२ जीबी वेगाने बोलते. तेच कार्ड कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीच्या, म्हणजे मदरबोर्डच्या, ज्या खाचेत बसतं तिच्यातून, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसमधून, चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्याला साधारण १६ जीबी वेग मिळतो. सतरा पटींचा फरक. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तोही निम्मा. इथे एक मेख आहे. खाच सोळा पदरी (पदर म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, इंग्रजीत लेन) असली तरी बरीच स्वस्त कार्डं त्यातले आठच पदर वापरतात. २०२२चं आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच वापरायचं. टेबल लहान आणि शेजारच्या खोलीचं दारही अरुंद, अशी दुहेरी अडचण. तुमचा बोर्ड जुना असेल तर पदरांची संख्या बघितल्याशिवाय कार्ड घेऊ नका.

टेबल भरल्याचं दिसतं कसं? गेम छान चाललेला असतो, तुम्ही मान वळवता आणि अर्धा सेकंद सगळं थिजतं. काही गेम त्याहून लबाड. ते अडखळत नाहीत, गुपचूप हलके नमुने वापरतात. समोरची विटांची भिंत चिखल फासल्यासारखी दिसते आणि एफपीएसचा आकडा मात्र ठणठणीत. म्हणून नुसते सरासरी एफपीएसचे तक्ते बघून निर्णय घेऊ नये. चाचण्यांमध्ये '१ टक्का लो' असा एक आकडा देतात, सगळ्यात रखडलेल्या एक टक्का फ्रेमांचा. सरासरी ७५ आणि हा आकडा २५ असेल, तर ते कार्ड त्या गेममध्ये धापा टाकतंय.

## "पण आठ जीबी पुरतात असं सगळे म्हणतात!"

सगळे म्हणतात, कारण पुष्कळ वर्षं ते खरं होतं. २०१६मध्ये आरएक्स ४८० आणि जीटीएक्स १०७० आठ जीबी घेऊन आली तेव्हा ती चैन वाटायची. २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६०वरही आठच आहेत. मधल्या काळात गेम बदलले. नोव्हेंबर २०२०मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले, दोन्हींत प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून वापरतात अशी १६ जीबी सामायिक मेमरी. पहिली दोन-तीन वर्षं बरेचसे गेम जुन्या कन्सोलवरही चालावेत म्हणून आवरून बनवले जात होते. तो लगाम सुटला आणि आठ जीबीच्या कार्डांची दमछाक सुरू झाली.

याचा अर्थ आठ जीबी टाकाऊ असा नाही. १०८०पी, ऑनलाइन गेम, शिवाय टेक्स्चर (म्हणजे टेबलावरचे ते नमुने) नावाचं सेटिंग एक खूण खाली घ्यायची तयारी, एवढ्यात ते निभावतं. पण कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल आणि नवे गेम खेळायचे असतील तर मी १२ किंवा १६ जीबीकडे झुकेन. टेक्स्चरचं सेटिंग मजेशीर आहे. टेबलावर जागा असेल तर ते वर नेल्याने एफपीएस जवळजवळ घटत नाही आणि गेमचं रूप मात्र लख्ख पालटतं. फुकटात मिळणारी शोभा म्हणजे हीच.

यावर कोणी म्हणेल, माझा मित्र तर म्हणतो की त्याच्याकडे गेम ११ जीबी वापरताना दिसतो, मग आठवर तो चालतोच कसा? स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारा तो आकडा बहुतेक वेळा 'राखून ठेवलेल्या' जागेचा असतो, खऱ्या गरजेचा नसतो. टेबल मोठं असलं की पसाराही मोठा होतो. खरी गरज कळते ती त्याच कार्डाच्या लहान आणि मोठ्या मेमरीच्या आवृत्त्या शेजारी ठेवून केलेल्या चाचण्यांतून.

उलट टोकाची चूकही होते. जास्त मेमरी म्हणजे भारी कार्ड, असं नाही. जीटी ७३० या पुराण्या कार्डाच्या चार जीबीच्या आवृत्त्या निघाल्या होत्या. चिप दुबळी, मेमरी संथ. टेबल ऐसपैस आणि रंगवायला चार पोरं.

## नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ५०६० टीआयच्या दोन आवृत्त्यांत चिप तीच आहे, फरक मेमरीचा. तो प्रामाणिक फरक झाला. दर वेळी तसं नसतं.

२०१६चं जीटीएक्स १०६० घ्या. सहा जीबीच्या कार्डात १२८० कोअर, म्हणजे रंगवणारी पोरं. तीन जीबीच्या कार्डात ११५२. मेमरीबरोबर पोरंही कमी केली, नाव तेच. आरटीएक्स ३०५०चंही तसंच. २०२२च्या आठ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटांची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता. २०२४मध्ये आलेल्या सहा जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि रस्ता ९६ बिटांचा. सगळ्यात वाईट खोडी जीटी १०३०ची. त्याची नंतर एक डीडीआर४ मेमरीची आवृत्ती आली. मूळ कार्डाचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, या नव्या जुळ्या भावाचा १६.८. नावावरून कळायला काहीही मार्ग नाही.

सहा जीबीच्या ३०५०ची एक बाजू मात्र मांडायला हवी. ते ७० वॅटमध्ये चालतं, त्याला वेगळी वायर लागत नाही. कोणाकडे ऑफिसातून निघालेला जुना डबा असेल, त्याच्या पॉवर सप्लायला ग्राफिक्स कार्डाची वायरच नसेल, तर तिथे ते खरंच उपयोगी आहे. वाईट कार्ड नाही, वाईट नाव आहे.

रस्त्याच्या रुंदीवरूनही घाईने निकाल देऊ नका. आरटीएक्स ३०६०च्या १२ जीबीच्या कार्डाचा रस्ता १९२ बिटांचा, वेग ३६० जीबी. त्यानंतरच्या ४०६०चा रस्ता १२८ बिटांचा, वेग २७२. तरी बहुतेक गेममध्ये ४०६० पुढे असतं. त्यांनी चिपच्या पोटातच २४ एमबीचा कॅश दिला, जुन्या चिपमध्ये तो ३ एमबी होता. सतत लागणारे रंग खिशातच असले की टेबलाकडे फेऱ्या कमी. मात्र टेबलच भरलं तर हा खिसा वाचवत नाही. तिथे जुन्या ३०६०चे १२ जीबी कामी येतात.

## "खोक्यावर तर दुप्पट-तिप्पट एफपीएस लिहिलेत"

हे आकडे खोटे नसतात, पण त्यांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली अपस्केलिंग. कार्ड चित्र लहान काढतं आणि मग हुशारीने मोठं करतं. एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर, इंटेलचं एक्सईएसएस ही त्याची नावं. हे खरोखर उपयोगी आहे. पण १०८०पीवर डीएलएसएसच्या 'क्वालिटी' सेटिंगमध्ये मूळ चित्र १२८० बाय ७२० एवढंच काढलं जातं, म्हणजे निम्म्याहूनही कमी ठिपके. फोर-केचं चित्र मोठं करताना हाताशी भरपूर माल असतो, इथे तो तुटपुंजा. म्हणजे ज्यांना या युक्तीची सर्वात गरज, त्या छोट्या स्क्रीनवाल्यांनाच ती कमी लाभते.

दुसरी फ्रेम जनरेशन. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड एक किंवा अधिक काल्पनिक चित्रं घुसवतं. हालचाल गुळगुळीत दिसते. पण मधलं चित्र काढायला पुढचं खरं चित्र तयार असावं लागतं, म्हणून ते क्षणभर रोखून धरलं जातं आणि तुमच्या माऊसचा प्रतिसाद सुधारत नाही, उलट थोडा मंदावतो. खऱ्या ६०च्या १०० करायला ही सोय छान. खऱ्या २५च्या ७० केल्या तर दिसतं लोणी, हाताला लागतो चिखल. शिवाय ही सोय स्वतःसाठी थोडी व्हीआरॅम खाते, म्हणजे आठ जीबीवाल्यांचं टेबल आणखी भरतं. जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० हे ४०९०ची कामगिरी देतं असं व्यासपीठावरून सांगितलं, ते अशाच घुसवलेल्या फ्रेमांच्या जोरावर. तुलना करायची तर दोन्हीकडे या सोयी बंद ठेवून केलेल्या चाचण्या बघा.

रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबं रंगवणं, या बजेटमध्ये चैनच आहे. पण ते कार्डाला जमत असावं लागतं. २०२५चा 'डूम: द डार्क एजेस' त्या क्षमतेशिवाय सुरूच होत नाही. म्हणून जुनी जीटीएक्स मालिका कितीही स्वस्त मिळाली तरी मी आता सुचवणार नाही. जीटीएक्स १०००च्या पिढीसाठी एनव्हिडियाने नेहमीचे गेम ड्रायव्हर काढणंही ऑक्टोबर २०२५नंतर थांबवलं आहे.

## बाकीचा डबा

कार्ड कितीही चांगलं असो, "आता हे रंगव" असं सांगणारा प्रोसेसरच असतो. तो मागे पडला की पोरं हात चोळत बसतात. तपासायची युक्ती सोपी आहे. गेममध्ये रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, एकदम खाली आणा. एफपीएस तेवढेच राहिले तर अडलंय प्रोसेसरपाशी, नवं कार्ड घेऊन उपयोग नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी तशीच लावून बघा, कधीकधी तेवढ्यानेही गाडी सुधारते.

इंटेलच्या आर्क कार्डांबाबत हे विशेष जपावं. डिसेंबर २०२४मध्ये आलेलं आर्क बी५८० बारा जीबीसह स्वस्तात मिळतं आणि मला ते आवडतं. पण ते जुन्या, अशक्त प्रोसेसरबरोबर बरंच मागे पडतं आणि मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या त्याच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, 'रिसायझेबल बार' नावाची सोय चालू असावीच लागते. नव्या बिल्डला ठीक, दहा वर्षं जुन्या डब्याला नको.

पॉवर सप्लायवर कंजुषी नको. खाचेतून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०. या वर्गातली बहुतेक कार्डं ११५ ते १९० वॅटची आहेत, चांगला ५५० ते ६०० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. 'चांगला' या शब्दावर भर आहे. '८० प्लस ब्रॉन्झ' किंवा 'गोल्ड' हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतले भाग किती टिकाऊ आहेत ते नाही. कॅबिनेटमध्ये कार्ड मावेल का हेही पट्टी घेऊन मोजा. लांबी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते.

## जुनं घेतलं तर? थांबलो तर?

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग, म्हणजे रात्रंदिवस गणितं सोडवून ते चलन कमावणं, एका दिवसात संपलं. ती कार्डं अजून हातोहात फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं काही नाही. सतत एका तापमानावर चाललेली चिप बऱ्याचदा ठणठणीत असते. झिजतात ते पंखे आणि वाळतात ते मेमरीची उष्णता बाहेर काढणारे मऊ थर्मल पॅड. घेण्याआधी समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका, आणि जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये कोअर आणि मेमरीचे आकडे खऱ्या कार्डाशी ताडून घ्या. जुन्या चिपचा बायोस बदलून वरच्या नावाने विकलेली कार्डं हा प्रोग्रॅम बऱ्याचदा पकडतो.

थांबण्याबद्दल पूर्वी मी बिनधास्त सांगायचो की थांब, स्वस्त होईल. मेमरी महागलेली असताना तो सल्ला मी देत नाही. हिशेब मात्र असा करा. समजा पूर्ण कॉम्प्युटरच्या खर्चात कार्डाचा वाटा ३५ टक्के आहे. कार्ड २० टक्क्यांनी महाग घेतलं तर एकूण खर्च सातच टक्क्यांनी वाढतो. त्या सात टक्क्यांत टेबल आठचं सोळा होत असेल तर मी दिव्यांच्या कॅबिनेटवर आणि झगमगत्या पंख्यांवर काट मारून ते पैसे इकडे वळवेन.

भाच्याने तसंच केलं. दिव्यांचे पंखे यादीतून गेले, सोळा जीबीचं कार्ड आलं. रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल.

"मामा, कार्ड खराब आलंय. एकवीस एफपीएस!"

"मागचं दाखव."

कॅमेरा हलत हलत डब्यामागे गेला. मॉनिटरची वायर वर, यूएसबीच्या शेजारी, मदरबोर्डच्या भोकात होती. खाली कार्डाची चारही तोंडं रिकामी. गेम बिचाऱ्या प्रोसेसरमधल्या इवल्याशा ग्राफिक्सवर चालला होता. वायर खाली लावली, आकडा साठवर गेला आणि तिथेच चिकटला. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर ६० हर्ट्झवरून १४४वर आणला. पलीकडून एक आनंदाची आरोळी ऐकू आली, आणि तिच्या मागोमाग ताईचा आवाज, "अरे झोप आता!"